मन्नतीचा गूळ

"उतर खाली. पडशील नि मान मोडून घेशील," हौदापाशी उभा असलेला वली म्हणाला.

नूरबी उतरली नाही. तिने वरच्या वाशाला बांधलेली दोरी एका हाताने धरली, पदर कमरेला खोचला आणि पुन्हा एकदा उजवा पाय तुळईच्या शेपटावर दिला. तुळई जराशी उचलली आणि पाय निसटताच धप्पकन आपटली. नूरबीचा तोल गेला, पण दोरी सुटली नाही.

कागद करणाऱ्यांच्या अंगणात पायाने चालवायचे एक मोठे मुसळ असते. त्याला ढेगी म्हणतात. जाड तुळईच्या एका टोकाला लाकडी ठोकळा, त्याच्या खाली दगडी खड्डा आणि खड्ड्यात चुन्याच्या पाण्यात मुरवलेल्या गोणपाटाच्या चिंध्या. दुसऱ्या टोकावर माणसाने आपला भार टाकला की ठोकळा वर जातो आणि पाय काढला की खाली येऊन चिंध्या कुटतो. सकाळपासून दिवस कलेपर्यंत हेच चालते. हे काम गड्याचे. वलीकडे अनेक वर्षे भिका नावाचा गडी ते करीत असे. पण सरकारी रस्त्याच्या खडीवर रोज बरा मिळतो म्हणून तो गेला, आणि तेव्हापासून वली स्वतः ढेगीवर चढू लागला होता. त्याचे दोन्ही गुडघे सुजले होते.

"तुमचं गुडघं पार गेल्यात," नूरबी म्हणाली. "तुमी हौदातनं कागद उचला. हे मी बघते."

हे खरे होते; पण खरे कारण निराळे होते, आणि ते वलीला ठाऊक होते. म्हणून तो हौदाकडे वळला. कुंपणाच्या पलीकडून मात्र साळुबाईने तोंड घातलेच. तिचा नवरा बाजारातली फाटकी पोती गोळा करी आणि ती कागदवाल्यांना आणून देण्याचे काम तिचे होते.

"वलीभाऊ, नवी तुळई आणून ठिवा बरं का. ही काय नूरबीखाली टिकायची न्हाई."

नूरबी हसली. ती खरोखरच फार जड बाई होती. जुन्नरच्या कागदीपुऱ्यात तिच्याएवढी दुसरी नव्हती. खाणे फारसे नव्हते. बसणे फार होते. लग्न होऊन आल्यापासून तिचे काम घोटण्याचे. खळ लावून वाळवलेला कागद लाकडी फळीवर पसरायचा आणि गुळगुळीत दगडाने घासून त्याला चकाकी आणायची. तिच्या रोजच्या जागी घरातल्या मातीच्या जमिनीला बसून बसून खळगा पडला होता. दर सणाला ती सारे घर सारवी, पण तो खळगा बुजत नसे. शेणाचा नवा थर घेऊन तो पुन्हा तसाच उरे.

गोष्ट प्लेगच्या पहिल्या मोठ्या साली सुरू झाली होती. तेव्हा गाव रिकामे करून माणसे माळावर कुडाच्या झोपड्यांत राहायला गेली होती. नूरबीची एकुलती मुलगी आबेदा चारपाच वर्षांची होती. तिच्या काखेत गाठ आली, ताप चढला, आणि ती माणसे ओळखेनाशी झाली. नूरबी झोपडीतून उठली ती थेट टेकडीवरच्या पीराच्या दर्ग्यात गेली आणि उंबऱ्यावर डोके ठेवून मोठ्याने बोलली की, माझं लेकरू उठू दे, माझ्या भाराचा गूळ वाटीन.

मन्नत बोलणाऱ्या साऱ्या बाया लेकराच्या भाराचा गूळ बोलतात. लेकरू ते केवढे आणि त्याचा भार तो केवढा, गरिबाला झेपते. पण त्या क्षणी नूरबीच्या तोंडून स्वतःचा भार गेला. मरणाच्या दारात असलेल्या मुलीला पारड्यात बसवण्याचा विचारही कदाचित तिला सोसला नसेल. आबेदा उठली. नूरबी शुद्धीवर आली तेव्हा शब्द गेलेला होता, आणि दर्ग्याच्या म्हाताऱ्या मुजावराने तो ऐकला होता.

पुढच्या उरुसाला फेडू, असे दरवर्षी ठरले. दरवर्षी काही ना काही आड आले. मग गिरणीचा कागद आला. तो पांढरा आणि स्वस्त होता. कचेऱ्यांनी जुन्नरी कागद घेणे सोडले. व्यापाऱ्यांच्या वह्यांपुरती मागणी राहिली, आणि तीही आटू लागली. इकडे नूरबीचे अंग भरत चालले. मन्नत जागच्या जागीच मोठी होत गेली.

आता आबेदा लग्नाला आली होती. मंचरच्या जोहराबी मण्यारणीने तिला आपल्या शौकतसाठी मागितले होते. कागदी आणि मण्यार यांच्यात पूर्वी सोयरीक होत नसे. पण कागदाचा धंदा बसत चाललेला, कागद्यांच्या पोरांना काम नाही, आणि मंचरच्या बाजारात बांगड्यांचे दुकान चांगले चालते, हे पाहून वलीने मान हलवली होती. जोहराबीने एकच अट घातली. मन्नतीची गोष्ट तिच्या कानावर गेली होती.

"पोरीच्या जिवाची मन्नत हाय," ती म्हणाली होती. "ती फेडल्याबगर पोरगी माझ्या उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई. पीराचं देणं माझ्या घरात नको."

यात वावगे काही नव्हते. नूरबीनेही सून आणताना हेच म्हटले असते.

वली दर्ग्यात जाऊन नव्या मुजावराला, वजीरला, भेटून आला. बाईच्या भाराऐवजी पोरीच्या भाराचा गूळ चालेल का, असे त्याने विचारले. वजीर भला माणूस होता. त्याला ते सांगणे जड गेले. माझ्या बापानं ऐकलेला बोल मी कसा बदलू, असे तो म्हणाला. आणि उसना गूळ मन्नतीला चालत नाही, घरच्या कमाईचाच लागतो, हेही त्याने आठवण म्हणून सांगितले.

वली घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. कागद विकून एवढा गूळ उरुसापर्यंत जमणे नव्हते. नूरबी घोटत होती. तिने दगड खाली ठेवला, आपल्या मांडीवर हात ठेवला आणि बराच वेळ तिकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती ढेगीवर चढली.

पहिले काही दिवस तिला वाटले की हे आपल्याने होणार नाही. थोडे ठोके पडले की छातीचा भाता होई, डोळ्यांपुढे काजवे चमकत. तळपाय तुळईवर घासून फुटले. रात्री पोटऱ्यांत गोळे येत आणि आबेदा तेल लावून ते चोळी. सकाळी अंथरुणातून उठताना नूरबीला आपले अंग दुसऱ्या कुणीतरी आपल्यावर टाकलेल्या पोत्यासारखे वाटे. तरी ती उठे. घोटायच्या जागी आता आबेदा बसे. त्या खळग्यात ती लहान मुलासारखी दिसे.

खाण्याचा मार्ग साळुबाईने दाखवला.

"भाकर बंद कर, नि हुलग्याचं माडगं पी दोन टायमाला," ती म्हणाली. "हुलगं घोड्याला घालत्यात. पोट सुटल्यालं घोडं कधी बघितलंस का?"

"घोडं पळतंय, साळुबाई."

"मग तू तरी काय करतीस त्या ढेगीवर?"

हुलगे स्वस्त होते. नूरबीने भाकरी सोडली आणि वाटीभर पातळ माडग्यावर दिवस काढू लागली. सणावाराला गल्लीतून कुणाकडून काही गोडधोड आले तर ते ती वलीच्या आणि आबेदाच्या ताटात वाढी. भूक पहिल्यांदा पोटात असे. मग ती डोक्यात चढली. मग कुठे आहे हेच कळेनासे झाले. साळुबाईची थट्टाही हळूहळू थांबली. एका सकाळी पोती टाकून ती तशीच उभी राहिली.

"छप्पनच्या दुष्काळात लोकं खायाला मिळंना म्हणून वाळली," ती म्हणाली. "तू चुलीवर अन्न असताना वाळतीस. तुझी तऱ्हा काय मला कळंना, बया."

नूरबी ठोके देत राहिली. श्वास ढेगीसाठी राखून ठेवायला ती शिकली होती.

दिवाळी उलटून गेली तेव्हा ढेगी तिच्या पायाखाली वळणावर आली होती. पाय आपोआप पडत, आपोआप उठत. वलीच्या गुडघ्यांची सूज उतरली. पूर्वी दर्ग्याची टेकडी चढताना नूरबी चार ठिकाणी बसे. आता एका दमात चढे. तरी वर गेल्यावर ती पूर्वीसारखी उंबऱ्यावर डोके ठेवीत नसे. बाहेरच्या चिंचेखाली उभी राहून दुरूनच हात जोडी आणि परत फिरे. पीर सारे पाहतो, असे तिला लहानपणापासून सांगितलेले होते. तो आपले ढेगीवर चढणे आणि अर्धपोटी निजणेही पाहत असेल, आणि त्याचा हिशेब त्याने कसा लावला असेल, याचा विचार तिला वाटेत सोडत नसे.

हे ती कुणाजवळ बोलली नाही. एकदा फक्त आबेदाशी बोलणे झाले. आबेदाने आईच्या माडग्यात चोरून लोणी सोडले होते. नूरबीच्या जिभेला ते कळले आणि तिने वाटी खाली ठेवली.

"अम्मा, मला न्हाई करायचं लगीन," आबेदा म्हणाली. "तू अशी झिजून मी मंचरला बांगड्या भरत बसू व्हय?"

"लोणी महाग असतंय, बाळ," नूरबी म्हणाली. "अब्बांच्या भाकरीवर घाल."

आबेदा रडू लागली. नूरबीने तिला जवळ घेतले तेव्हा मुलीला आईच्या खांद्याचे हाड गालाला लागले.

उरूस महिन्यावर आला आणि जोहराबी लग्नाची तारीख धरायला बैलगाडीने मंचरहून आली. जुन्नरला तिचा भाचा राहत असे. मुक्काम त्याच्याकडे होता. ती उंच, रुंद हाडाची विधवा होती. सारा जन्म तिने बायकांच्या हातात बांगड्या भरल्या होत्या. माणूस भेटले की ती आधी चेहरा पाहत नसे. हात हातात घेऊन मनगट चाचपी. नूरबीचा हातही तिने तसाच घेतला. तिनेच दोन वर्षांपूर्वी भरलेल्या काचेच्या बांगड्या नूरबीच्या हातावर सैल लोंबत होत्या. जोहराबीने हात जरा वर उचलला, आणि त्या साऱ्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या.

जोहराबी काही वेळ तो हात तसाच धरून बसली.

"खोकला येतो का?" तिने विचारले.

"न्हाई, बी."

"रातीचा घाम?"

"न्हाई."

मग तारखेचे बोलणे निघाले नाही. जोहराबीने मंचरच्या बाजाराचे, बैलांचे, वाटेतल्या धुळीचे सांगितले आणि ती उठली. आबेदाने पुढे ठेवलेले सरबत तसेच राहिले होते.

संध्याकाळी साळुबाई कुंपणाशी आली. जोहराबी गल्लीत घरोघर विचारत होती, असे तिने खालच्या आवाजात सांगितले. या घरात मागं कोण कशानं गेलं, नूरबी कधीपासून वाळायला लागली, रक्त पडतं का. गेल्या साली जोहराबीची थोरली सून क्षयाने गेली होती. माहेरी तिची आई त्याच दुखण्याने गेली होती आणि ते लग्नाआधी लपवले होते, असे मागाहून कळले होते. उद्या सकाळी गाडी जुंपायला जोहराबीने भाच्याला सांगितले होते.

ज्या मुलीच्या आईला क्षय आहे असे एकदा बोलले गेले, तिला मंचरच काय, मढपासून खोडदपर्यंत कुणी मागणार नव्हते. नूरबी चुलीपुढे बसली होती. नाही म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. लपवणारेही नाहीच म्हणतात. आणि खरे सांगायचे तर आपण पीराला फसवायला निघालो होतो, हे मुलीच्या होणाऱ्या सासूपुढे सांगावे लागणार होते.

दिवस उगवताच तिने साळुबाईला निरोप घेऊन धाडले. जायच्या आधी एकदा येऊन जा, एवढाच निरोप.

जोहराबी आली, पण दारातच उभी राहिली. नूरबीने तिला घरात बोलावले नाही. बाजूच्या वाटेने मागच्या अंगणात नेले, पोते अंथरून दिले आणि पदर कमरेला खोचून ती ढेगीवर चढली.

वलीला समजायला थोडा वेळ लागला. मग तो खड्ड्याशी बसला आणि दोन ठोक्यांच्या मधल्या उसंतीत ओला लगदा हाताने उलटा करू लागला. तो हात वेळेवर निघाला नाही तर बोटे जातात. पण नूरबीच्या पायाचा ताल आता त्याच्या अंगात मुरला होता. ठोका पडत राहिला. ऊन भिंतीच्या पायथ्यावरून वर सरकले, वाळत घातलेल्या कागदांवर आले. नूरबीच्या कपाळावरून घाम गळत होता, छाती वर-खाली होत होती, पण श्वास सरळ चालला होता. खोकला आला नाही. जोहराबी पोत्यावर बसून बघत होती. तिच्या भाच्याने दोनदा गाडी तयार असल्याचे सांगून पाहिले. तिने हातानेच त्याला परत लावले.

"बास," ती शेवटी म्हणाली. "उतर आता."

नूरबी उतरली आणि दोरी धरून उभी राहिली.

"दुखणं न्हाई तुला, दिसलं मला," जोहराबी म्हणाली. "मग वाळलीस कशानं? पोरीच्या लग्नाचं वरीस. आई भरल्या अंगानं मिरवती ह्या वक्ताला."

नूरबीने वलीकडे पाहिले. तो खाली मान घालून लगद्याने भरलेली बोटे पुसत होता.

"गूळ वाढवता येईना, बी," ती म्हणाली. "म्हणून मलाच कमी केलं."

अंगणात चुन्याचा वास होता. भिंतीवरचा एक वाळलेला कागद कडेने सुटून वाऱ्यावर फडफडत होता. बऱ्याच वेळाने जोहराबी उठली, नूरबीजवळ आली आणि तिने पुन्हा तिचे मनगट हातात घेतले.

"प्लेगच्या साली मी इथंच व्हते," ती म्हणाली. "माझ्या माहेराला. दर्ग्याच्या वाटंला तुला बघितली व्हती मी. चिपाड व्हतीस नुसती. आत्ता हायेस तेवढीच. जेवढी असताना बोललीस, तेवढाच देतीस. पीराचं काय बुडवलं न्हाईस तू."

नूरबीने दुसऱ्या हातातली दोरी सोडली.

जोहराबीने भाच्याला गाडीतली पेटी आणायला सांगितली. तिथेच अंगणात बसून तिने नूरबीच्या हातातल्या सैल बांगड्या उतरवल्या आणि लहान मापाच्या हिरव्या बांगड्या एकेक करून भरल्या. मग तिने आबेदाला हाक मारून सरबत मागितले.

उरुसाच्या दिवशी दर्ग्याच्या चिंचेला धान्याच्या बाजारातला मोठा काटा टांगला. नूरबी पारड्यात मांडी घालून बसली आणि डोळे मिटून राहिली. वजीरने दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवायला सुरुवात केली. बायका कुजबुजत होत्या. कुणी एवढ्यावर भागलं असे म्हणाले, कुणी त्यांना गप्प केले. वलीने आणलेल्या ढेपा पुरल्या. तिचे पारडे हलके होऊन जमिनीवरून उचलले गेले तेव्हा नूरबीने दोर घट्ट धरला. गूळ फोडून वाटायला फारसा वेळ लागला नाही. मुले हातावर खडे घेऊन चाटत पळाली, आणि चिंचेखाली मुंग्यांची रांग तेवढी राहिली. त्या दिवशी नूरबीने पुष्कळ महिन्यांनी उंबऱ्यावर डोके टेकले.

लग्न त्यानंतर पंधरवड्यात झाले. नूरबी कुणी न सांगता भात जेवली. पाठवणीच्या आदल्या दिवशी मंचरकडच्या बाया अंगणात पाने लावत बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांच्यातली एक म्हणाली की, जोहराबीने जुन्नर पहिल्यांदा पाहिले ते भाचा इथे राहायला आला तेव्हा. माहेर तिचे घोडेगावचे; प्लेगच्या साली सारी माणसे तिकडे रानात होती, बाप तिथेच गेला तिचा. नूरबी सुपारी कातरत होती. तिचा हात थांबला नाही. समोर जोहराबी सुनेच्या हातात चुडा भरत होती. तिने एकदा नूरबीकडे पाहिले आणि पुन्हा काचेकडे लक्ष घातले. नूरबीने कातरलेली सुपारी तिच्यापुढे सरकवली.

आबेदा गेली. गाडी खिंडीपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत वली रस्त्यावर उभा होता. दुसऱ्या सकाळी घर नेहमीसारखे झाडून झाले. उरलेल्या मागणीचे कागद घोटायचे होते, आणि घोटायला आता कुणी नव्हते. नूरबी फळीपुढे आपल्या जागी बसली. खळगा तिला मोठा झाला होता. दगड पुढे नेला की ती एका अंगाला घसरे, मागे आणला की दुसऱ्या. थोडा वेळ तिने तसेच घोटून पाहिले. मग ती उठली, आबेदाची जुनी ओढणी आणली, तिची घडी करून खळग्याच्या कडेला घातली आणि पुन्हा बसली.

वलीने न्याहरी आणून ठेवली. भाकरीवर गुळाचा खडा होता. मन्नतीचा थोडा प्रसाद घरात उरला होता.

"खा आता पोटभर," तो म्हणाला. "झालं सगळं."

नूरबीने भाकरी खाल्ली. गूळ तिने पदराच्या टोकात बांधला. तो गुरुवार होता, पीराचा वार, आणि अंगावरून उतरवलेल्या भाराएवढे पीराचे जे राहिले होते ते तिला खड्याखड्याने अजून बरीच वर्षे टेकडीवर न्यायचे होते.